आवराआवर

मराठीत 'आवरणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. पसरलेल्या वस्तू जागच्या जागी ठेवणे हा एक, आणि स्वतःला रोखून धरणे हा दुसरा. आपण घर आवरतो तसा रागही आवरतो. स्वयंपाकघरातला पसारा आवरतो तसे डोळ्यांतले पाणीही आवरतो. गेली कित्येक वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे आणि शब्दांची ही गंमत वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. पण या दोन अर्थांचे एकमेकांशी काही नाते असेल, हे मला तळेऱ्याच्या घराचा माळा रिकामा करताना या वर्षी प्रथमच जाणवले.

तळेरे हे नाक्यावरचे गाव. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता गावातून जातो. एक वाट वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जाते, तर दुसरी विजयदुर्गाकडे उतरते. चारी दिशांचे प्रवासी इथे घोटभर चहा घेतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. अशा गावात वस्तूंनीही फार काळ मुक्काम करू नये. पण आमच्या घराची रीत उलटी. तिथे शिरलेली वस्तू पुन्हा बाहेर पडल्याचे कोणी पाहिलेले नाही.

दोष एकट्या आईचा नाही. कोकणातल्या जुन्या घराची रचनाच अडगळीला धार्जिणी असते. खाली ओटी, माजघर, वळई. आणि वर, कौलांच्या खाली, घरभर पसरलेला अंधारा माळा. खाली जे नको ते वर जाते आणि वर गेलेले नजरेआड होते. आमच्या माळ्यावर बूड गेलेला तांब्याचा हंडा होता, काच फुटलेले तीन कंदील होते, गॅसबत्ती होती, इरली होती, नांगराचा फाळ होता, आणि पत्र्याच्या चार ट्रंका होत्या.

यात शहरानेही सढळ हाताने भर घातली. मुंबईतल्या आमच्या नातेवाइकांची घरे अगदी नीटनेटकी. तो नीटनेटकेपणा कुठून येतो, हे मला आमच्या माळ्यावर कळले. तिथे न मावणारा जुना टीव्ही, डगमगणारी टीपॉय, मुलांच्या तुटक्या सायकली, कोणत्याच मोबाइलला न लागणारे चार्जर, हे सारे 'गावाला होईल उपयोग' असे म्हणत गणपतीच्या गाडीने तळेऱ्याला येई. शहरातल्या कित्येक घरांची स्वच्छता गावाच्या माळ्यावर उभी आहे, असे म्हटले तर वाचकांनी राग मानू नये. आपापल्या गावच्या घरी एकदा वर चढून पाहावे. पुढे हमरस्त्याचे रुंदीकरण झाले, त्यात आमची पुढची पडवी गेली आणि पडवीतले सामानही वरच चढले.

आता माझ्या गुन्ह्याकडे वळतो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याची सुट्टी होती, आणि आई लग्नासाठी माहेरी गेली होती. मला एकदम हुरूप आला. चार दिवसांत माळा लख्ख करून आईला चकित करायचे मी ठरवले. जड वस्तूंना हात घालण्याचे जिवावर आले, म्हणून मी हलक्यांपासून, म्हणजे कागदांपासून सुरुवात केली. कोपऱ्यात बिस्किटांचा एक गंजलेला पत्र्याचा डबा होता. झाकण उघडले. कसर लागलेल्या कपट्यांची चवड दिसली. वरचे दोन-तीन कपटे मनीऑर्डरच्या कुपनांचे होते. जुना हिशेब असेल, असे म्हणून झाकण लावले. तेवढ्यात रस्त्यावर भंगारवाल्याचा टेंपो ओरडत आला आणि डबा त्यात गेला.

आई परतली. माळ्यावर चढली, उतरली आणि तिने विचारले, "थंय एक डबो होतो?" मी सांगितले. ती काही बोलली नाही. चुलीकडे गेली आणि माझ्यासाठी चहा टाकला. त्यानंतर मी माळ्याची शिडी लावली की तिला काही ना काही काम आठवे, आणि शिडी परत जाग्यावर जाई.

त्या डब्यात काय होते, ते मला पुढे मावशीकडून कळले. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी मांडीवरचा होतो. संप लांबला आणि वडील गावी परतले ते कायमचेच. मला आठवतात ते हे परतलेले वडील. शेतात राबणारे, संध्याकाळी ओटीवर गप्प बसणारे. त्यांच्या हातात मी पेन्सिलही पाहिली नाही. पण त्याआधीची सात-आठ वर्षे ते दरमहा आईला मनीऑर्डर करीत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरापुरती थोडी जागा असे, आणि पैसे देताना पोस्टमन तेवढा कपटा फाडून घेणाऱ्याच्या हाती ठेवी. त्या चार बोटांच्या जागेत वडील लिहीत. आई ती कुपने जपून ठेवी. गिरणगावातला तो बोलका तरुण मला भेटण्याची तेवढी एकच जागा होती, आणि ती मी भंगारात घातली होती.

यातली विटंबना अशी, की वर्गात मी नेमके याच्या उलट शिकवतो. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करीत, लोकांच्या माळ्यांवरची जुनी दप्तरे मिळवीत. वाईला मिळालेल्या अशाच कागदांमधून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पुढे बावीस खंड झाले. आमच्या शेजारच्या खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधला ताम्रपट सापडला. त्यात दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ आहे. तो प्रथम प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी. तेही इथल्याच पोंभुर्ल्याचे, १८३२ साली 'दर्पण' काढणारे. न वाचता येणारे ते पत्रे कोणी तांब्याच्या भावाने मोडीत घातले असते तर, असे म्हणून मी वर्गात क्षणभर थांबतो. मुले गंभीर होतात. बारा वर्षे मी ते वाक्य म्हणत आलो आणि बारा वर्षे त्या वाक्याशी माझी जीभ अडखळत आली.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला तुळशीपाशी कारीट फोडून झाले, पोह्यांच्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि आई आपण होऊन म्हणाली, "यंदा माळो रिकामो करूया. माझ्या मागसून तुमका तरास नको."

मी म्हटले, "मेमध्ये आठ दिवस रजा टाकून येतो. एकदाच काय ते आटपून टाकू."

तिने माझ्याकडे नुसते पाहिले. "घर काय एका दिसात भराक नाय. मगे एका दिसात रिकामा कसा होतला?"

हा प्रश्न आज जगभर चर्चेचा आहे, हे आईला ठाऊक नाही. मारी कोंडो या जपानी बाईंचे पुस्तक २०११ साली निघाले आणि नंतर अनेक भाषांत गेले. ज्या वस्तूला हात लावताच मन आनंदते ती ठेवावी, बाकीच्यांना निरोप द्यावा, आणि हे काम थोडे थोडे न करता एका झपाट्यात करावे, असे त्यांचे म्हणणे. उलट मार्गारेटा मॅग्नुसन या स्वीडिश बाईंचे २०१७ मधले पुस्तक सांगते, की आपल्या मागे राहणाऱ्यांवर भार पडू नये म्हणून म्हातारपणी सावकाश, रमतगमत घर आवरत जावे. आमची आई या स्वीडिश पंथाची निघाली. एका गोष्टीवर मात्र दोघींचे एकमत आहे: पत्रे आणि फोटो यांना हात सर्वांत शेवटी लावावा. मी नेमकी त्यांच्यापासूनच सुरुवात केली होती.

मग वर्षभर महिन्यातून एकदा-दोनदा मी शनिवारी एस.टी.ने कोल्हापूरहून घाट उतरून येऊ लागलो. कामाचा क्रम मी ठरवायचा नाही, तो ऋतूंनी ठरवायचा, असा आईचा दंडक. भात घरात आले तेव्हा कोठीची खोली. पौष-माघाच्या कोरड्या उन्हात लाकूडसामान. शिमग्याला पोरे लाकडे पळवायला येतात. यंदा आईने मोडक्या टीपॉय आणि स्टुले आदल्या रात्री मुद्दाम अंगणात मांडून ठेवली आणि वर खिडकीतून खोटी खोटी ओरडलीही, कारण चोरी केल्याशिवाय पोरांना गंमत नाही. वैशाखात बरण्या, कारण आमसोले आणि आंबापोळी वाळत पडली की बरण्या हव्यातच. रिकाम्या सतरा निघाल्या, त्यांतल्या सात शेजारी गेल्या. मृगाआधी कौले परतायची म्हणून माळ्याचा मधला भाग मोकळा झाला. आषाढ-श्रावणात कागदाला हात लावायचा नाही, ओल धरते. तेव्हा ट्रंकांमधली जुनी लुगडी काढून त्यांच्या गोधड्या शिवायच्या. गणपतीआधी भिंतींना रंग आणि तांब्यापितळेला चिंच.

वेग असा की मुंगीनेही हसावे. एखाद्या मुक्कामात दोनच वस्तू बाहेर पडत. पण हळूहळू माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. वस्तू खाली आली की आई ती मांडीवर किंवा समोर घेऊन बसे. ती कोणाची, कुठून आली, तिच्यावरून कोण कोणाशी भांडले, ते सारे सांगे. सांगून संपले, की "दी" किंवा "ठेय" एवढाच निकाल येई. आणि बहुतेक वेळा तो "दी" असे! हंडा म्हणजे आजीला तिच्या भावाने दिलेला. त्याचे बूड कोणत्या वर्षी गेले आणि तो कल्हईवाल्याकडे कितीदा जाऊन आला, हे सांगण्यात एक दुपार गेली, आणि हंडा तिने शांतपणे मोडीत दिला. जिच्यासाठी ती वस्तू धरून होती ती गोष्ट माझ्या स्वाधीन झाली होती. आता हंड्याचे काम उरले नव्हते. ज्या वस्तूला सांगण्यासारखे काहीच नसते तिचा निकाल तर त्याहून सोपा. मुंबईहून आलेल्या चार्जरांविषयी आईला एकही गोष्ट आठवली नाही.

अश्विनात दसरा झाला आणि माळ्यावर एकच कोपरा उरला, तो. तिथे आता काही नव्हते. दोघेही आम्ही तिथे कंदील घेऊन उगाच गेलो. म्हणजे हातात मोबाइलचा दिवा होता, पण आई त्याला कंदीलच म्हणते. बारा वर्षे घशाशी अडकलेले वाक्य मी त्या अंधारात बोललो. "गे आये, तो डबा मी द्यायला नको होता."

ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या डब्यात काय होता, ता माका म्हायत आसा."

मला वाटले, मला धीर देण्यासाठी म्हणते आहे. पण खाली आल्यावर ती ओटीवर बसली आणि सांगू लागली. लग्न झाले तेव्हा तिला वाचता येत नव्हते. पोस्टमन कुपन वाचून दाखवी. ती त्याला चहा देई आणि पुन्हा वाचायला लावी. चहा संपेपर्यंत पाठ होई. तारखा तिच्याजवळ नाहीत. म्हैस व्याली त्या वर्षीचे, थोरल्या आत्याच्या लग्नाआधीचे, मी पोटात होतो तेव्हाचे, अशी तिची कालगणना. मी आत जाऊन वही आणली. वर्गात ज्या हाताने मी पत्रवाङ्मयाची वैशिष्ट्ये फळ्यावर लिहितो, त्याच हाताने माझ्या वडिलांचा मजकूर उतरवून घेऊ लागलो. पाच मजकूर त्या रात्री झाले. काही पुरे, काहींची शेपटे निसटलेली. "रुपये चाळीस पाठवले आहेत. वीस दुकानदाराचे द्यावे." "म्हशीला औषध घालावे, हयगय करू नये." "जागरण करून भात सडू नये." मोठे असे त्यात काही नाही. इतिहास संशोधकाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मी विचारले, "मग इतकी वर्षे मला सांगितले का नाहीस?"

"तू सांगल्याशिवाय कशी सांगा?" ती म्हणाली.

मीच आधी बोलावे, म्हणून ती थांबली होती. बारा वर्षे ती ते आवरून बसली होती.

आता वहीत एकोणीस मजकूर झाले आहेत. या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी येईल, आणि माळा झाडून निघेल. झाडण्यासारखे तिथे आता फारसे नाही. वही मात्र माळ्यावर जाणार नाही, ती आईच्या उशाशी आहे. एखादे वाक्य रात्री आठवले की ती सकाळी फोन करते आणि मी कोल्हापुरात तास सुरू होण्याआधी ते टिपून घेतो. त्यातले एक तर जवळजवळ प्रत्येक कुपनाच्या शेवटी येते. उन्हाळा असो की थंडी, दोनशे माणसांच्या चाळीतून वडील ते लिहीतच:

"तिकडे पाऊस कसा आहे, ते कळवावे."