तीन प्लग

नवे वाहन घेतले की इंदूरकर प्रथम ते खजरान्याच्या गणपतीपुढे नेतो. आमची २००६ सालची मारुती ८०० अशीच हार घालून घरी आली होती. परवा त्याच वाटेवर ती धापा टाकू लागली.

मिस्त्रींनी इंजिन निवू दिले, तार न ओढता रबरी टोप्या धरून उपसल्या आणि तिन्ही सिलिंडरांचे प्लग काढून आमच्यापुढे क्रमाने मांडले. "माटसाब, आता तुम्हीच तपासा."

वह्या तपासण्यात आमचा जन्म गेला. ही तपासणी मात्र नवीनच! टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चुन्यासारखे पांढरे असेल तर प्लग फाजील तापतो. पहिले दोन तपकिरी निघाले. त्यांची फट पातळ पत्ती घालून जुळवली. तिसरा काळा, तेलाने ओला.

"पुसून देतो, पण पुन्हा हेच होणार. बहुधा रिंगा झिजल्यात."

आम्हांस हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. चार महिने आम्ही गुपचूप ऑइल भरीत होतो, निळसर धुराकडे काणाडोळा करीत होतो. ही गाडी उज्जैनला नोकरीस जाणाऱ्या कन्येस देण्याचे कबूल केले होते, आणि इंजिन उघडण्याचा खर्च झेपणारा नव्हता. विद्यार्थ्याने अशी लपवाछपवी केली असती तर आम्ही त्यास बाकावर उभे केले असते.

मिस्त्रींनी नवा प्लग आधी बोटांनी फिरवून बसवला, मग पान्याने आवळला. जुना आम्ही रुमालात गुंडाळून घेतला.

घरी कन्येने किल्लीसाठी हात पुढे केला. आम्ही त्यावर रुमाल ठेवला.