पात्याचं पाणी

नवा चाकू हातात आला की घणसोली गावातला धारवाला आधी तो वाजवायचा. मूठ दोन बोटांत सैल धरायची, पात्याच्या पाठीवर नखानं टिचकी मारायची आणि कान तिरका करून ऐकायचं. आवाज घुमला तर पाणी, म्हणजे पोलाद तापवून-विझवून आणलेला कडकपणा, चांगलं; बसका आला तर पाणी उतरलेलं. भोवती जमलेली पोरं तेवढा वेळ गप्प व्हायची, आणि त्याला ती शांतता फार आवडायची.

(धारवाला आणि हा लेख लिहिणारा एकच. पण स्वतःच्या चुका दुसऱ्याच्या म्हणून सांगितल्या की जरा मोकळेपणानं सांगता येतात.)

गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचा भाचा दोन चाकू घेऊन आला. डोंगरात नेण्याचे, न मिटणारे, पोरं ज्याला ‘फिक्स्ड ब्लेड’ म्हणतात तसले. एकाचं पातं चार मिलिमीटर जाड, दुसऱ्याचं पाच. एक ठेवायचा होता, दुसरा परत करायचा होता. “मामा, तुम्ही सांगाल तो.”

पाठ डोळ्यासमोर धरून वाक बघणं, दोन्ही बाजूंची घासणी समोरासमोर उतरली आहे का ते बघणं, मूठ आणि पातं यांच्यात नख शिरतं का ते चाचपणं, म्यान उलटं करून झटकणं, हे सगळं त्यानं बोलता बोलता उरकलं. ते कुणालाही येतं. मग टिचकी. मग टोक लाकडावर टेकवून दाब. चार मिलिमीटरचं पातं वाकलं आणि परत आलं, पाच मिलिमीटरचं जागचं हललं नाही. धारवाल्यानं जाड चाकू भाच्याच्या हातात दिला. “ह्याला पाणी बसलंय.”

भाचा डिप्लोमावाला. मामाचा शब्द मान्य, तरीही तो दोन्ही चाकू घेऊन ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे रबाळे एमआयडीसीत, एका ओळखीच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेला. तिथे रॉकवेल मशिन आहे. हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भारानं पोलादात रुततो आणि किती खोल रुतला त्यावरून कडकपणाचा आकडा येतो. ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी अमेरिकेत त्याचं पेटंट मिळवलं १९१९ साली, म्हणजे युक्ती शंभर वर्षांहून जुनी. पातळ चाकू अठ्ठावन्न. जाड चाकू एक्कावन्न.

एक्कावन्न हा आकडा गाडीच्या कमानीच्या पाट्याला ठीक. डोंगरात नेण्याच्या चाकूला नाही.

भाच्यानं मामाला कमीपणा वाटेल असं काही बोलून दाखवलं नाही. त्याचाच जास्त राग आला. भाच्यानं वहीत एक आकडेमोड करून दिली, एवढंच. पातं दाबल्यावर किती वाकेल हे कडकपणावर ठरत नाही, जाडीच्या घनावर ठरतं. चाराचे पाच मिलिमीटर झाले की पातं जवळजवळ दुप्पट ताठ होतं, मग पाणी दिलेलं असो वा नसो. पाण्याचा प्रश्न येतो तो पुढे, पातं वाकून परत येतं की वाकडंच राहतं तिथे. आणि नव्या चाकूला कुणी तिथवर नेत नाही. टिचकीचंही तेच. आवाजाचा सूर पोलादाच्या लवचीकपणावर, लांबी-जाडीवर अवलंबून असतो, आणि तो लवचीकपणा कडक पोलादाचा नि मऊ पोलादाचा जवळजवळ सारखाच. टिचकीनं भेग कळते, ढिली मूठ कळते. पाणी कळत नाही.

म्हणजे तीस वर्षं पोरांना गप्प करून धारवाला ऐकत होता ते काय?

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात हेच घोळतं. नव्या चाकूचं सगळं दिसतं. पोलाद कुठलं ते पात्यावर कोरलेलं असतं, घासणी दिसते, खिळे दिसतात. फक्त पाणी दिसत नाही, आणि चाकू म्हणजे तेवढंच तर असतं. लोहाराकडे ते दिसायचं. पातं विझवून झालं की पाठ परत शेकायची, उजळलेल्या पोलादावर रंग चढताना बघायचा: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेशी पिवळा पोचला की थांबायचं. दुकानात येईपर्यंत तो रंग पॉलिशखाली गेलेला असतो. आणि बेल्टवर घाईनं धार काढताना कड जळून निळी पडली असेल, तर तो निळाही.

कानशीनं बघावं तर ती घसरली म्हणजे पातं कडक, चावली म्हणजे मऊ, एवढंच सांगते. चौपन्न आणि अठ्ठावन्न यांतला फरक मनगटानं ओळखायचा, आणि मनगट आता पूर्वीचं राहिलेलं नाही. शिवाय कानस फसवतेही. भट्टीत पोलादाच्या कातडीतला कार्बन जळतो, वर मऊ साल राहते. अशाच एका घडीव कोयत्यावर कानस चावली म्हणून धारवाल्यानं तो चारचौघांत मोडीत काढला होता. विकत घेणाऱ्यानं पुढे तो बारा वर्षं वापरला आणि दर पावसाळ्यापूर्वी न चुकता त्याच्याकडेच धारेला आणला. दरवेळी हसून.

त्यातल्या त्यात पितळेची सळई खरं बोलते. धार सळईवर किंचित टेकवून दाबायची, मागे दिवा ठेवायचा. कड सळईवर लवून परत सरळ झाली तर उत्तम, लवून तशीच राहिली तर मऊ, तुटली तर ठिसूळ. पण तुटली तर चाकूही गेला, आणि चाकू गिऱ्हाइकाचा असतो.

पोरांचा एक हट्ट आहे, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं पाहिजे, ‘फुल टँग’. धारवाल्याला हे नव्या लोकांचं सोवळं वाटतं. स्वीडनमधल्या मोरा गावचे स्वस्त चाकू घ्या, पोलादाचं शेपूट प्लास्टिकच्या मुठीत लपलेलं, आणि जगभर लोक त्यांनी लाकडं फोडतात. नेपाळी खुकरी तर बऱ्याचदा ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवतात, धारेवर किटलीनं पाणी ओतून तेवढीच कड कडक करतात आणि शेपूट लाखेसारख्या चिकानं मुठीत बसवतात. मूठ कशी बसवली याची चर्चा तासभर चालते. पाणी कसं दिलं, हे विचारणारा अजून त्याला भेटलेला नाही. ऑनलाइन मिळणारे लाटालाटांचे ‘दमास्कस’ चाकू पाहिले की त्याला शिसारी येते. त्यातल्या कितीतरींवरची नक्षी आम्लानं वरवर कोरलेली असते, धारेच्या दगडावर दोन हात मारले की पुसट होते. आणि हो, त्याच्याकडे गिऱ्हाइकं कमी झाली ती याच चाकूंच्या काळात. त्यामुळे हे मत कितपत निखळ आहे, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

घणसोलीत कोयत्यांना काम होतं तोवर पाणी ओळखायचा प्रश्न नव्हता. भाताचे बांध होते, मिठागरं होती, कमरेच्या आकडीला कोयता असायचा. मग १९७० साली सिडको आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या, आणि कोयते माळ्यावर गेले. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत धरले आहेत, घरकामाची नि शेतीकामाची अवजारं सोडून. शेती गेलेल्या गावातला कोयता यात कुठे बसतो, हे धारवाल्यानं एका वकिलाला विचारलं होतं. वकील नुसता हसला.

नवा कोयता कुणी वाजवून घेत नसे. लोहार ओळखीचा असायचा, पाणी उतरलं तर पुढच्या बाजाराला त्याच्या पुढ्यात नेऊन टाकायचा. धारवाल्याचा नखाचा खेळ सुरू झाला तो नंतर, बनवणारा दिसेनासा झाल्यावर.

जाड चाकू परत गेला. पातळ भाच्याकडे आहे. गवळीदेवाच्या डोंगरात एक पावसाळा काढून आला, खाडीच्या खाऱ्या हवेनं पात्यावर काळे डाग पडले, लाकडी मूठ फुगली आणि मार्गशीर्षात परत आवळली. खिळ्यापाशी केसाएवढी फट आहे, ती उन्हाळ्यात वाढते का ते बघायचं. पहिल्या धारेला कड लवकर बसली. धारवाल्याला मनातून बरं वाटलं, मशिन चुकलं म्हणून. दुसऱ्या धारेला मात्र ती टिकली. कारखान्यात बेल्टवर जळालेला पहिला थर गेला होता आणि खालचं पोलाद लागलं होतं.

भाच्यानं परवा विचारलं, “मग मामा, चाकू कसा आहे?” तिसरी धार व्हायची आहे. धारवाल्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.