चुंबळीवरचं अंडं

हिंजवडीच्या फेज ३ मधल्या, म्हणजे माण गावातल्या, आमच्या घरात, पुस्तकांच्या कपाटावर, ते चुंबळीवर बसलेलं असतं. चुंबळ आईच्या जुन्या लुगड्याची. शहामृगाचं अंडं, आतून रिकामं, बुडाशी एक भोक, लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. दक्षिण आफ्रिकेहून कंपनीच्या कामावरून परतताना कपड्यांत गुंडाळून आणलं, त्याला बारा वर्षं झाली. रंग सायीचा, आणि अंगभर देवीच्या वणांसारखी बारीक छिद्रं. घ्यायला येणारा माणूस नकळत दोन्ही हात पुढे करतो, तान्ह्या बाळासाठी करतो तसे.

नाजूक मात्र ते मुळीच नाही. कवच जवळपास दोन मिलिमीटर जाड. सोसायटीतली पोरं दर रविवारी येतात आणि ते सगळ्यांच्या मांडीवर फिरतं, कुणाला नाही म्हणत नाही. नव्या पोराचा प्रश्न ठरलेला: ‘‘काका, मृग म्हणजे हरीण ना? मग अंडं कसं?’’ हा मृग म्हणजे फारसी ‘मुर्ग’, पक्षी, हे सांगितलं की पुढचा प्रश्न आम्लेटांचा. कोंबडीची साधारण २४ अंडी यात मावतात. मादागास्करच्या नामशेष झालेल्या हत्तीपक्ष्याच्या अंड्यात दीडशेच्या आसपास! ते फूटभर लांब असायचं. पोरं हात फाकवून माप घेतात आणि मग आमच्या अंड्याकडे जरा मायेनं बघतात, धाकटं असल्यासारखं.

मला हा नाद लागला चाळीसगावात. मामांबरोबर पाटणादेवीला गेलो होतो, मी चौथीत. ओढ्याकाठी थांबून मामा म्हणाले, ‘‘इथं शहामृगं हिंडायची.’’ मला ती थाप वाटली. कॉलेजात गेल्यावर वाचलं, तेव्हा त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. तिथल्याच पाटणे गावी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं. अश्मयुगीन दगडी हत्यारांच्या सोबतीला शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली, त्या कवचांचे मणी निघाले, आणि एक तुकडा निघाला ज्यावर कुणीतरी रेघा कोरल्या होत्या. समांतर रेघांच्या मधल्या पट्ट्यात तिरप्या रेघांची जाळी. वय सुमारे २५,००० वर्षं.

त्या जाळीपाशी मी कितीदा तरी थांबलोय. खाऊन झालेल्या अंड्याचं टरफल माणसानं फेकलं नाही. गारगोटीचं टोक घेऊन त्यावर रेघ ओढली, मग तिच्या शेजारी दुसरी. एवढ्या कठीण कवचावर रेघ सरळ ठेवायला मनगट किती स्थिर लागत असेल! भीमबेटकाला पुरलेल्या एका माणसाच्या गळ्याशी असेच दोन मणी सापडले. रविवारच्या पोरांबरोबर आम्ही तसाच करवंटीचा मणी करून पाहिला: तुकडा फोडायचा, मधोमध भोक पाडायचं, मग दगडावर घासत कड गोल करायची. दोन तासांत सहा पोरांचा मिळून एक मणी झाला, तोही वाकडा. ती पोरं आता पाटण्याच्या मण्यांबद्दल अदबीनं बोलतात.

२०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी भारतात सापडलेल्या जुन्या कवचांतून डीएनए मिळवला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. ते वाचलं त्या रात्री मी कपाटावरचं अंडं खाली काढलं आणि बराच वेळ हातात धरून बसलो. परदेशातून आणलेली वस्तू म्हणून इतकी वर्षं दाखवत होतो, ते तर इथल्याच भाऊबंदांपैकी निघालं.

पाटण्याचं आणखी एक देणं आहे, ते मी पोरांना हमखास सांगतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. ही हकिकत सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. माझ्या लेखी ती जाळी आणि तो मठ एकाच गावचे असणं फार मोलाचं आहे.

मागच्या महिन्यात सातवीतली एक मुलगी अंडं शाळेत न्यायला मागायला आली. चुंबळीसकट दिलं. संध्याकाळी ते परत आलं तेव्हा कवचावर बोटांचे ठसेच ठसे होते, आणि भोकातून आत सरकवलेली एक सुरळी. वर्गातल्या एकतीस जणांचा एकेक प्रश्न. पहिला होता: ‘आपल्या माणच्या माळावर शहामृगं पळाली असतील का?’

ठसे मी अजून पुसलेले नाहीत. रविवारी सगळे नकाशा पसरून बसलो.