पुलापलीकडची गाडी

व्यापाऱ्याच्या घरात कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारला जातो : हीच वस्तू शेजारच्या पेठेत काय भावाने मिळते? सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षे काढल्यामुळे हा प्रश्न माझ्या अंगवळणी पडला आहे. २००७ च्या भाद्रपदात आम्ही उभयता कॅनडातील मिसिसॉगा येथे मुलाकडे गेलो, तेव्हा तोही आमच्यासोबत गेला.

सूनबाईंना नवी नोकरी लागली होती आणि घरात दुसरी गाडी हवी होती. योगायोग असा की, २००२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या बासष्ट सेंटांच्या आसपास घसरलेला कॅनडाचा डॉलर वर चढत चढत २० सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला आला. तीस वर्षांहून अधिक काळानंतर प्रथमच असे घडले होते. चलन महागले, पण कॅनडातील गाड्यांचे भाव मात्र पूर्वीच्याच पायरीवर बसून राहिले. साहजिकच लोक सीमा ओलांडून अमेरिकेत गाड्या पाहू लागले. नवी गाडी कॅनडाच्या गिऱ्हाइकाला विकण्यास तिकडचे अनेक विक्रेते नाखूष असत. वापरलेल्या गाडीला तशी आडकाठी नव्हती.

नायगारा नदीच्या पलीकडे, बफेलो शहराजवळ, एका निवृत्त शिक्षिकेची दोन वर्षे वापरलेली टोयोटा कॅम्री मुलाने हेरली. किंमत १४,५०० अमेरिकी डॉलर. तशीच गाडी टोरांटोच्या बाजारात १९,००० ला होती, कर वेगळा. मी वही मागवली आणि खर्चाची बाजू मांडू लागलो. गाडी जपानी नावाची असली तरी तिचा क्रमांक ४ या आकड्याने सुरू होत होता, म्हणजे ती अमेरिकेत बनलेली. त्यामुळे ६.१ टक्के आयातशुल्क लागणार नव्हते. केंद्राचा कर ६ टक्के, ओंटारिओ प्रांताचा ८ टक्के, गाडीतील वातानुकूलन यंत्राचे १०० डॉलर, आयात नोंदणीचे १९५ डॉलर व त्यावरील कर. शिवाय दिवसा आपोआप लागणारे दिवे बसवणे, तपासणी आणि किरकोळ खर्च मिळून तीनशे. कंपनीकडून 'या गाडीत कोणतीही दुरुस्ती बाकी नाही' असे पत्र हवे. मालकीचा कागद अमेरिकेच्या सीमाशुल्क कचेरीत ७२ तास आधी दाखवावयाचा. आणि गाडी आणल्यावर ४५ दिवसांत तपासणी पुरी करावयाची. इतके सारे करूनही साडेचार हजारांहून अधिक डॉलर वाचत होते. हिशेब स्वच्छ होता. मी मनोमन सुखावलो.

ऑक्टोबरमधील एका शनिवारी आम्ही त्या बाईंच्या घरी पोहोचलो. चहा झाला, गाडी पाहून झाली. बाई स्वयंपाकघरातील टेबलाशी पावती लिहावयास बसल्या. त्यांनी आकडा लिहिण्यापूर्वी मी मुलाला मराठीत म्हणालो, "साडेनऊ हजार लिहायला सांग. कर त्या पावतीवरच लागतो. सातशे डॉलर सुटतील."

सातशे डॉलर म्हणजे त्या वेळचे अठ्ठावीस हजार रुपये. मुलगा काही बोलला नाही. बाईंनी मान वर करून विचारले, वडील काय म्हणतात? "आमचं घरातलं बोलणं आहे," एवढेच तो म्हणाला आणि त्यांनी पूर्ण रक्कम लिहिली.

पीस ब्रिजवर सूनबाई जुनी गाडी घेऊन पुढे गेल्या. मी आणि मुलगा नव्या गाडीत. कॅनडाच्या बाजूच्या अधिकाऱ्याने पावती पाहिली, कर घेतला, कागदावर शिक्का मारला. अर्ध्या तासात आम्ही मोकळे. त्याने एकही उलट प्रश्न विचारला नाही. साडेनऊची पावती असती, तर तीही बहुधा खपून गेली असती, हे मला तेव्हाच कळले.

महामार्गाला लागल्यावर मी म्हणालो, "त्यात कुणाचं नुकसान होतं? सरकारला काय कमी आहे?"

थोड्या वेळाने तो म्हणाला, "अण्णा, मी सातवीत होतो. सुट्टीत पेढीवर बसायचो. तुम्ही मला एकाच मालाच्या दोन पावत्या लिहायला लावल्या होत्या. एक जकात नाक्यासाठी, एक आपल्यासाठी. माझं अक्षर चांगलं म्हणून."

मला ते आठवत नव्हते. त्याला आठवत होते.

"मला पेढी आवडायची," तो पुढे म्हणाला. "हळदीचा वास, सौद्यातली बोली, सगळं. फक्त ती दुसरी वही नको वाटायची. पण तुम्हाला कधी सांगता आलं नाही."

तो परदेशी का गेला, याचे उत्तर मी आजवर पगारात शोधत होतो.

तीनच आठवड्यांपूर्वी, दशलक्षण पर्वात, मी त्याच्याच घरी तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचत होतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय. त्यात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार येतात. त्यांतला एक विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा नियम डावलून केलेली देवघेव. सूनबाईंना त्याचा अर्थ मीच समजावून सांगितला होता. मुलगा शेजारी बसून ऐकत होता.

दिवाळीपूर्वी आम्ही सांगलीस परतलो. वीर निर्वाण संवत २५३४ च्या वहीपूजनाला पाटावर मी एकच वही ठेवली. दिवाणजींनी दुसरीची आठवण केली; मी नको म्हणालो. त्या वर्षी कर अधिक भरावा लागला आणि नफा उतरला, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. दोन जुनी गिऱ्हाइके तुटली. एक पुढे परत आले, दुसरे आले नाही.

मुलाला यातले काही मी फोनवर कळवले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो आला, सवयीने पेढीवर येऊन बसला, कपाट उघडले, वही चाळली आणि पुन्हा कपाटाकडे पाहिले. मग काही न बोलता माझ्या हातातील पेन घेऊन त्याने त्या दिवसाच्या साऱ्या पावत्या लिहिल्या.

त्याचे अक्षर अजून तितकेच चांगले आहे.