मागायला येणारे पाहुणे

दीर्घ आजारपणात आणि वार्धक्यात माणसाची शक्ती जाते, दृष्टी मंदावते, स्मृती दगा देते, आणि या सर्वांची यथास्थित नोंद केसपेपरवर होते. परंतु याच काळात आणखी एक गोष्ट त्याच्या हातून निसटते, जिच्यासाठी तेथे रकाना नसतो, आणि ती म्हणजे दुसऱ्याला काही देण्याचा अधिकार. ज्याने हयातभर मळ्यात गड्यांना भाकरी वाढली, बैलांना वैरण घातली, लेकीबाळींची पाठवणी केली, त्याने आता सकाळचा चहा, दुपारच्या गोळ्या, अंघोळीचे पाणी, फार काय, कुशीवर वळणेदेखील परक्याच्या हातून स्वीकारावे आणि वर कृतज्ञ राहावे, ही स्थिती प्रत्यक्ष व्याधीहूनही दुःसह असते. हे माझ्या ध्यानात आणून दिले ते खंड्या आणि सोनी या माझ्या दोन कुत्र्यांनी. देवळ्याच्या परिसरातील एका वृद्धाश्रमात आणि एका रुग्णालयात ती दोघे कित्येक वर्षे माझ्याबरोबर येत असत. आज दोघेही हयात नाहीत.

खंड्या अस्सल गावठी. उमराण्याच्या बाजाराकडे कांद्याचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावत असतात अशा ऐन हंगामात कोणीतरी सोडून दिलेले ते तांबूस पिल्लू आमच्या कांदाचाळीखाली येऊन राहिले ते राहिलेच. सोनी लॅब्रडॉर, नाशिकच्या भाच्याने बिऱ्हाड लहानशा सदनिकेत हलविले तेव्हा ती आमच्याकडे रुजू झाली. दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर होते. सोनी भेटेल त्याला आपला मानून त्याच्या मांडीवर मस्तक ठेवी. खंड्या मितभाषी, खाटेपासून हातभर अंतर राखून बसणारा आणि समोरचा माणूस आपणहून हात पुढे करीपर्यंत तसूभरही न हलणारा. सोनीमुळे माणसे हसत, खंड्यामुळे बोलत.

रुग्णालयात प्रवेशाची परवानगी सहजासहजी मिळाली नाही, आणि ती मिळू नये हेच उचित होते. ज्या व्हरांड्यात कुत्रे चावलेली माणसे रेबीजच्या लशीसाठी बाकावर ताटकळत बसलेली असतात, त्याच व्हरांड्यातून दोन कुत्री आत न्यावयाची, ही कल्पना अधीक्षकांना प्रथम थट्टेचीच वाटली. मी रीतसर अर्ज केला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना एखाद्या लहान पाळीव प्राण्याची सोबत फार हितकर ठरते, असे नमूद केले आहे, त्याचा दाखला त्यात दिला. आपल्याच राज्यात मीनल कविश्वर या मानसशास्त्रज्ञ बाईंची अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था कुत्र्यांना अशा कामासाठी पद्धतशीर तयार करते, हेही लिहिले. अधीक्षकांनी घातलेल्या अटी अर्जापेक्षा अधिक विचारपूर्वक होत्या: पशुवैद्यकीय दवाखान्याचा लसीकरणाचा दाखला, कापलेली नखे, त्याच दिवशीची अंघोळ, उघड्या जखमांचे रुग्ण आणि बाळंतिणी यांच्या खोल्यांना पूर्ण मज्जाव, आणि कुत्र्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुण्याचा शिरस्ता. फाटकावरच्या नोंदवहीत ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यासमोर काय लिहावे, असा पेच कारकुनाला पडला. थोडा विचार करून त्याने वळणदार अक्षरात ‘पाहुणे’ असे लिहिले आणि पुढे तोच प्रघात पडला.

वृद्धाश्रमातील अडचण निराळी होती. तेथील कित्येक म्हाताऱ्यांना कुत्र्याचा धसका, काहींना विटाळाची शंका. परंतु आमचा हा मुलूख मालेगावजवळच्या चंदनपुरीच्या खंडोबाला मानणारा. बाणाईच्या त्या गावची जत्रा न पाहिलेली म्हातारी आमच्या या कसमादे पट्ट्यात विरळाच. कुत्र्याचे नाव खंड्या आहे हे कळताच एका आजींनी, देवाच्या पायाशी बसणारे जनावर दाराबाहेर कसे ठेवावे, असा रोकडा सवाल केला, आपल्या ट्रंकेतील पुडीतून चिमूटभर भंडार काढून त्याच्या कपाळी लावला, आणि हळदीने पिवळे झालेले ते श्वान सर्व शंकांसह आत घेतले गेले.

तेथे एक शेतकरी बाबा होते. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, आणि आश्रमात आल्यापासून मौन. वाचा शाबूत आहे असे डॉक्टरांचे म्हणणे होते, परंतु मावशी घास भरवीत, ते तो गिळीत, आणि दृष्टी भिंतीकडे वळवीत. खंड्याने का कोण जाणे, त्यांचीच खाट निवडली. काही भेटींत तो नुसता हातभर अंतरावर बसून राहिला. मग एका दुपारी, मावशी ताट घेऊन आल्या असता, बाबांनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि स्वच्छ अहिराणीत विचारले, “जेवना का रे भो?” मावशींच्या हातचा घास तसाच राहिला. बाबांनी डाव्या हाताने ताटातली बाजरीची भाकरी चाचपली, ती छातीशी दाबून धरीत कशीबशी मोडली, आणि चतकोर खंड्यापुढे केली. त्या दिवसापासून भाकरीचा तुकडा उशीखाली जपून ठेवण्याचा परिपाठ सुरू झाला. मुंग्या होतात अशी मावशींची तक्रार आली, तेव्हा तुकड्यासाठी एका झाकणाच्या डब्याची तजवीज झाली. यात चमत्कार काही नव्हता. बाबांचा उजवा हात अखेरपर्यंत उचलला गेला नाही. परंतु डाव्या हाताला काम मिळाले आणि तोंडाला बोलण्याचे निमित्त. पुढे पुढे ते मावशींनाही जेवलीस का म्हणून विचारू लागले.

न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनाही काहीसा असाच प्रत्यय आला होता. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा एका अबोल मुलाच्या भेटीच्या वेळी योगायोगाने खोलीत होता, आणि त्या मुलाने वैद्याआधी कुत्र्याशी सलगी केली; 1962 मध्ये त्यांनी या अनुभवावर लेख प्रसिद्ध केला. पुढे 2015 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे ममतेशी निगडित द्रव्य वाढते. या शोधांविषयी मला आदर आहे. तथापि बाबांच्या खाटेशी मी जे पाहिले त्याचे मर्म मला अन्यत्र दिसते. त्या खोलीत येणारा प्रत्येक जण, मी धरून, बाबांना काही ना काही द्यावयास येत असे. मागावयास येणारा खंड्या एकटाच होता, आणि ज्याच्याकडे कोणी मागते तो माणूस अद्याप हिशेबात आहे.

हे काम कुत्र्यांना फुकट पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. सोनी वरचेवर जांभया देऊ लागली, ओठ चाटू लागली, की ती थकली आहे हे मी ओळखावयास शिकलो आणि भेट आटोपती घेऊ लागलो. शेवटी मूत्रपिंडाच्या विकाराने ती गेली. खंड्या त्यानंतर वार्धक्याने, मळ्यातच.

आपले कुत्रे अशा ठिकाणी नेऊ इच्छिणारे अधूनमधून माझ्याकडे चौकशीस येतात. लस, नखे, अंघोळ, वेळेची मर्यादा या गोष्टी अधीक्षक सांगतीलच. मी दोन पथ्ये जादा सांगतो. पहिले, जनावराला घरून पोटभर जेवू घालून नेऊ नये, आणि तेथे द्यावयाचा घास मालकाने न देता, डॉक्टरांच्या संमतीने, रुग्णाच्याच हातून द्यावा. दुसरे, तो घास कोरडा असावा. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, आणि आमच्या तालुक्यातला म्हातारा प्रेमाने भाकरी देऊ लागला की तिच्याबरोबर कांदा दिल्यावाचून राहत नाही. तेवढ्यापुरते त्याला नाही म्हणावे. बाकी त्याला जे आणि जितके द्यावेसे वाटेल, ते देऊ द्यावे.