ओळखीचे दोन तारे

चाळिशी उलटली की माणसाला राहून गेलेले छंद आठवू लागतात. कुणी माळ्यावरची बाजाची पेटी खाली काढतो, कुणी पहाटे उठून टेकडी चढू लागतो. मी दुर्बीण घेतली. आणि तीही साधीसुधी नव्हे, संगणकाची! पाच इंची आरशाच्या या दुर्बिणीच्या पोटात चाळीस हजार तारे, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांचे पत्ते साठवलेले. आपण रिमोटवर नुसता 'शनी' निवडायचा, की दोन मोटारी घुर्र घुर्र करीत फिरतात आणि नळी शनीकडे तोंड करून उभी राहते. निदान दुकानदाराने मला असे सांगितले होते.

वीस वर्षे मी वर्गात स्वातीचा थेंब, चातक, चकोर आणि रोहिणीचा चंद्र शिकवीत आलो आहे. यांतले काहीही मला प्रत्यक्ष आकाशात ओळखता येत नाही, ही गोष्ट सुदैवाने विद्यार्थ्यांच्या ध्यानात आली नव्हती. दुर्बिणीमागचे खरे कारण हेच. तिला सगळे ठाऊक असताना मला ठाऊक असण्याची गरज काय?

५ जानेवारी २०२५, रविवार. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि सौर बंब यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आम्ही तिपाई मांडली. चिरंजीव मदतनीस, सौभाग्यवती प्रेक्षक. आईलाही शाल पांघरून खुर्चीवर आणून बसवले होते. खरे सांगायचे तर, घरात ती एकटी कशाला, म्हणून. वडील गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, ती आमच्याकडे असते. भाजी निवडते, पोथी वाचते. आमच्या बोलण्यात परीक्षा, पगार, मोबाईल असे विषय निघाले की गप्प बसते. तिच्याजवळ बोलण्यासारखे काही नाही, असे आम्ही केव्हा ठरवून टाकले होते कोण जाणे.

तिपाईच्या गोल काचेतला बुडबुडा मध्यावर आणण्यातच पंधरा मिनिटे गेली. एक पाय उचलावा तर बुडबुडा पळून दुसऱ्या बाजूला! मग यंत्राने प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाव कोणते? मी अक्षांश-रेखांश भरले, साडेअठरा आणि पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. वेळ? साडेआठ. ही वेळ नेहमीची की उन्हाळ्यात घड्याळ पुढे सारतात ती? आमच्याकडे घड्याळ कुणी पुढे सारत नाही, उलट ते मागेच पडते, हे त्याला कसे सांगावे! तारीख? मी पाच, एक, पंचवीस असे आकडे दाबले.

यावर यंत्राने जाहीर केले, की आता स्वातीचा तारा भिंगाच्या मध्यभागी आणा.

चाळीस हजार पत्ते जाणणाऱ्या या पंडिताला स्वतःहून काहीच दिसत नाही, हे मला तेव्हा कळले. आपण उभे आहोत ते कोणत्या दिशेला तोंड करून, एवढेही त्याला ठाऊक नसते. दोन तारे आपण बोट धरून दाखवायचे. त्यांवरून तो साऱ्या आकाशाचे गणित जमवतो. ओळखीचे दोन चेहरे दाखवले तर सगळी वरात ओळखणारा, पण ते दोन ज्याचे त्यानेच दाखवायला हवेत!

"स्वाती कुठली दिसायला आत्ता?" खुर्चीतून आवाज आला. "पौष आहे. स्वाती मध्यरात्र टळल्यावर उगवते. तुझं यंत्र वैशाखातलं आकाश सांगतंय."

मी हसण्यावारी नेले. पण चिरंजीवांनी माहितीपुस्तिका उघडली, आणि उलगडा झाला. अमेरिकन पद्धतीने त्यात आधी महिना, मग दिवस लिहायचा होता. माझ्या पाच जानेवारीची यंत्राने एक मे केली होती. वैशाखाचा महिना! मी गुपचूप तारीख सुधारली.

आता यंत्राने व्याध मागितला. तो आग्नेयेला इतका झगझगीत होता, की मलासुद्धा सापडला. नंतर 'आल्डेबरन'. म्हणजे आपली रोहिणी, हे पुस्तिकेत नव्हते, पण मला माहीत होते. कोशात वाचले होते. चिरंजीवांनी मोबाईल आकाशाकडे धरला, पण गच्चीवरच्या लोखंडाने त्याचे होकायंत्र भेलकांडत होते. डोक्यावर, किंचित पूर्वेला, एक मोठा तेजस्वी तारा होता. रोहिणीने आणखी किती ठळक असावे? मी तो मध्यभागी आणला. भिंगात लहानसे पिवळट वर्तुळ आणि त्याच्या रेषेत बारीक ठिपके दिसले. मोठ्या दुर्बिणीतून तारे असेच दिसत असावेत, अशी मी समजूत करून घेतली आणि बटण दाबले. यंत्राने जुळणी फसल्याचे कळवले. दुसऱ्यांदाही तेच. इतरांना नापास करण्याची सवय असलेल्या माणसाला हे फार लागते.

आई उठून माझ्या खांद्याशी आली.

"अरे, तो गुरू आहे. रोहिणी त्याच्या जरा खाली, तांबूस. ती बघ. तिकांडं दिसतंय ना, मृगाच्या पोटातला बाण? त्या रेषेत खाली आलास की व्याध, वर गेलास की रोहिणी."

तीन तारे, एक सरळ रेष. इतके सोपे! आणि ज्याला मी रोहिणी म्हणत होतो, त्याच्या बाजूचे ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र होते. १६१० सालच्या ७ जानेवारीला गॅलिलिओलाही ते प्रथम साधे तारेच वाटले होते, एवढाच मला दिलासा. मात्र त्याने पुढल्या रात्री पुन्हा पाहिले. मी तिथल्या तिथे बटण दाबले.

आईने दाखवलेला तांबूस तारा मध्यभागी आणला. जुळणी झाली.

मग 'शनी' निवडला. मोटारी घुरघुरल्या, नळी पश्चिमेला झुकून थांबली, आणि भिंगात तो होता. कडी मात्र पुस्तकातल्या चित्रासारखी पसरट नव्हती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ती पृथ्वीवरून अगदी कडेने दिसणार होती. सुमारे पंधरा वर्षांनी असा योग येतो. टाचणी आरपार टोचलेल्या मण्यासारखा शनी दिसत होता. आईने भिंगाला डोळा लावला. बराच वेळ काही बोलली नाही.

"एवढ्याशा मण्याला मी इतकी वर्षं तेल वाहिलं होय रे?"

सगळे हसलो. ती मात्र पुन्हा वाकली. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, एरवी ग्रह मिनिटा-दोन मिनिटांत भिंगातून निसटतो. पण मोटारी त्याला हळूहळू धरून ठेवीत होत्या, आणि तिला घाई नव्हती.

"तुला हे सगळं कुणी शिकवलं?" मी विचारले.

"शिकवायचंय काय? वाईकडे आमच्या मळ्याला रात्रीची पाण्याची पाळी असायची. आबांबरोबर मी कंदील घेऊन दारं धरायला जायची. घड्याळ कुठलं? तिकांडं डोक्यावर आलं की निम्मी रात्र झाली, व्याध मावळतीला टेकला की शेजारच्याला हाक मारायची."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कुणी विचारलंत?"

तिने हे रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. ती शनीच बघत होती.

साडेनऊच्या सुमाराला रिमोटवरची अक्षरे फिकट झाली आणि यंत्र मान टाकून थांबले. आठ सेल चढवले होते, ते दीड तासही पुरले नाहीत. सौभाग्यवतींनी सतरंजी गुंडाळायला घेतली. आई खुर्चीत परत बसली होती, आणि चिरंजीव तिच्या पायाशी. पूर्वेला पुनर्वसूच्या खाली एक लालबुंद ठिपका होता. तो मंगळ, आणि तो लुकलुकत नाही हे बघ, असे ती त्याला सांगत होती.

"चला आजी, थंडी वाजेल," सौभाग्यवती म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढं," आईने सांगितले. "त्या समोरच्या इमारतीमागून आत्ता मघा वर येतील. याला दाखवते आणि येते."

मी दुर्बीण पेटीत भरली. सतरंजी पुन्हा उलगडली आणि त्या दोघांच्या शेजारी जाऊन बसलो.