तारा शिंदेच्या पुऱ्या आणि वालचंदनगरचं पोलाद

‘मिशन मंगल’मधली तारा शिंदे मंगळावर जायचा हिशेब पुऱ्यांवरून समजावते. तेल एकदा कडकडीत तापलं की गॅस बंद केला तरी पुऱ्या तळून निघतात; तसंच यानाचं इंजिन गरजेपुरतं चालवायचं आणि इंधन वाचवायचं. मंगळयान मोहिमेवरचा, जगन शक्ती दिग्दर्शित हा सिनेमा १५ ऑगस्ट २०१९ रोजी आला. तारा झालेल्या विद्या बालनच्या अंगावर साडी, ओठांवर घरातली कटकट आणि डोक्यात कक्षेचं गणित. शिंदे हे आडनाव सोलापूर जिल्ह्यात गावोगावी सापडेल. तिथल्या वेळापूरच्या एखाद्या मुलीला ही बाई आपल्यातली वाटली, तर त्यात नवल नाही, आणि तेवढ्यासाठी तरी या सिनेमाचे आभार मानायला हवेत.

साडीतल्या स्त्रियांचं इस्रोशी जुळलेलं चित्र त्याआधीचं आहे. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयान कक्षेत स्थिरावलं आणि गजरे माळलेल्या, एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या बायकांचा फोटो जगभर गेला. त्या प्रशासकीय विभागातल्या कर्मचारी होत्या, असं इस्रोनं नंतर सांगितलं. म्हणून त्यांचा आनंद उसना ठरत नाही. मोहिमेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या रितू करिधल, नंदिनी हरिनाथ, मिनल संपत यांची नावं मात्र लोकांपर्यंत पोहोचायला वेळ लागला. प्रकल्प संचालक होते एस. अरुणन. सिनेमानं ही सगळी माणसं बदलून काल्पनिक केली. तो त्याचा हक्क आहे. खंत आहे ती खरं नाट्य हातचं सुटल्याची.

ते नाट्य असं. मंगळयान सोडायचं होतं ऑक्टोबरअखेर. पण रॉकेट पॅसिफिकवरून जाताना त्याचे संकेत टिपायला ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ या भारतीय नौवहन महामंडळाच्या दोन जहाजांना फिजीच्या बाजूला उभं राहायचं होतं, आणि खराब हवामानात ‘नालंदा’ला पोहोचायला उशीर झाला. मंगळाकडे निघायचा मुहूर्त ठरलेला, तो कुणासाठी थांबणार नव्हता. अखेर ५ नोव्हेंबर २०१३ ला, ऐन भाऊबीजेच्या मंगळवारी, दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी पीएसएलव्ही उडालं. या रॉकेटात थेट मंगळाकडे झेपावण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरवत कक्षा टप्प्याटप्प्यानं वाढवायची होती. ११ तारखेला इंजिनचा जोर कमी पडला. एक लाख किलोमीटरची उंची गाठायची होती, ती ७८ हजारांवरच अडली. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा चालवून कसर भरून काढली. पुढे जवळपास तीनशे दिवस ते मुख्य इंजिन बंद होतं. मंगळाजवळ ते पेटेल की नाही, हे पाहायला २२ सप्टेंबरला चार सेकंद चालवून पाहिलं. ते चार सेकंद कुठल्याही गाण्यापेक्षा सरस ठरले असते.

आणि एक जागा तर वेळापूरकरांच्या उशालगत आहे. अकलूज गाठून नीरा ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. दोन्ही काठांना ऊसच ऊस. याच पट्ट्यात वालचंदनगर आहे. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी वसवलेली ही साखरेची वसाहत. पुढे तिथं साखर कारखान्यांची यंत्रं घडू लागली आणि १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी रॉकेटांचे भागही. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची पोलादी आवरणं इथं बनत आली आहेत, आणि २०२३ मध्ये चंद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरचे भागही इथून गेले.

आवरण म्हणजे काय, ते जवळून पाहायला हवं. २.८ मीटर व्यासाच्या नळकांड्याचे पाच खंड. आत सुमारे १३९ टन घन इंधन भरायचं, आणि ते पावणेदोन मिनिटांत जळून जायचं. पोलाद साधं नव्हे, मॅरेजिंग जातीचं. पत्रा वळवायचा, जोड वेल्डिंगनं सांधायचा, मग त्या जोडाचा एक्स-रे काढायचा. डोळ्यांना न दिसणारी चीर निघाली, तर काम पुन्हा. शेवटी आत पाणी भरून दाब चढवायचा. तिथल्या वेल्डरच्या हाताला मंगळाचा नकाशा माहीत असण्याची गरज नाही. त्याला तो जोड माहीत असावा लागतो. देशप्रेम याहून वेगळं कसं असतं, हे सांगणं अवघड आहे.

सिनेमा लागून तीन आठवडे होतात न होतात तोच, ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, चंद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला. शेवट आधीच ठाऊक असलेला विजय पडद्यावर पाहिलेल्या प्रेक्षकांनी हा प्रसंग थेट प्रक्षेपणात पाहिला, आणि बहुतेकांनी शास्त्रज्ञांना धीरच दिला. अपयश सोसायची ही तयारी सिनेमावाल्यांनी ओळखायला हवी.

मंगळयानावर दुसरा सिनेमा निघालाच, तर त्याची सुरुवात नीरेकाठच्या शेडमध्ये व्हावी. पहिल्या दृश्यात एक्स-रेच्या फिल्मवर चीर दिसावी आणि फोरमननं दिवसभराचं काम परत करायला लावावं. चित्रीकरण जानेवारीत ठेवावं. तेव्हा गळीत हंगाम जोरात असतो, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते भरलेले असतात. त्याच रस्त्यानं रॉकेटचा खंड घेऊन निघालेला ट्रेलर दाखवायला वेगळा सेट उभारायची गरज पडणार नाही.